सही झाल्यावरची तीस वर्षं कोण बघणार?

जानेवारी 2016. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात वादळी रात्र होती आणि पहाटे कधीतरी ऑक्सगँग्ज नावाच्या प्राथमिक शाळेची बाहेरची भिंत कोसळली, सुमारे नऊ टन विटांचा ढीग खाली आला. मुलं घरी झोपलेली होती म्हणून वाचली, हेच तीन-चार तास उशिरा झालं असतं तर पुढचं बोलायला पण नको. मग बाकीच्या शाळा तपासायला घेतल्या आणि एप्रिलमध्ये शहरातल्या 17 शाळा एकदम बंद कराव्या लागल्या, सगळ्या एकाच पीपीपी, म्हणजे सरकार-खाजगी भागीदारीच्या, काँट्रॅक्टमधल्या. भिंतीचे दोन पदर एकमेकांना धरून ठेवायला धातूच्या पट्ट्या असतात, त्या विटांच्या सांध्यात पुरेशा आत गेल्याच नव्हत्या. एवढंच कारण. पण एकदा भिंत वरपर्यंत गेली आणि आतून बंद झाली की आत काय आहे ते कोणाच्या बापाला दिसतंय?

मला त्या पट्ट्यांपेक्षा दुसरा प्रश्न जास्त छळतो. भिंत वर चढत होती तेव्हा सरकारच्या बाजूने तिथे कोण उभं होतं? जवळजवळ कोणीच नाही. बांधकाम कंपनीचं, त्याची तपासणीही कंपनीच्याच साखळीतल्या लोकांकडे, आणि महापालिकेने असं धरून चाललेलं की पुढची कित्येक वर्षं ही इमारत यांनाच सांभाळायची आहे म्हटल्यावर हे लोक कशाला कच्चं काम करतील. कागदावर हे लॉजिक एकदम पक्कं वाटतं. जॉन कोल यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2017 मध्ये आला त्यात हेच निघालं, की खाजगी पैसा लावला म्हणून भिंत पडली असं नाही, पण ज्या पद्धतीने हे सगळं राबवलं त्यात स्वतंत्र नजर नावाची गोष्टच राहिली नाही.

तर विषय हा आहे. पीपीपी, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनीने मिळून रस्ता, पूल, दवाखाना, शाळा, मेट्रो, पाण्याची योजना असं काहीतरी उभं करायचं, कंपनीने पैसे लावायचे, बांधायचं, वीस-तीस वर्षं चालवायचं आणि त्या काळात एकतर लोकांकडून टोल-तिकीट घ्यायचं नाहीतर सरकारकडून दरवर्षी ठरलेली रक्कम घ्यायची. यावर देखरेख करायला बऱ्याच देशांनी एक वेगळी सरकारी संस्था काढलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत ट्रेझरीचं, म्हणजे अर्थखात्याचं, पीपीपी युनिट, फिलिपिन्समध्ये पीपीपी सेंटर, नायजेरियात 2005 च्या कायद्याने आलेलं इन्फ्रास्ट्रक्चर कन्सेशन रेग्युलेटरी कमिशन, दक्षिण कोरियात पिमॅक. नावं वेगवेगळी, पण कामाची यादी बघितली तर सगळीकडे साधारण सारखीच दिसते, गुंतवणूकदार आणायचे, खात्यांना टेंडर बनवायला मदत करायची, प्रकल्प तपासून मंजुरी द्यायची किंवा तशी शिफारस करायची, आणि मग शेवटी, यादीच्या एकदम तळाला, काँट्रॅक्ट नीट पाळलं जातंय का ते बघायचं.

माझं म्हणणं असं की ही यादी उलटी लावलेली आहे. तळाला जे काम आहे ते खरं काम, आणि वर जे आहे ते या संस्थेकडे नसलेलंच बरं.

लग्न जमवणारा माणूस आठवा. तो दोन्हीकडे चांगलंच बोलणार, त्याला दोष दिसले तरी दिसणार नाहीत, कारण अक्षता पडल्या की त्याचं काम झालं. त्यालाच उद्या सांगितलं की संसार नीट चाललाय का तेही तूच बघ आणि बिनसलं तर निवाडाही तूच कर, तर तो काय सांगणार, मी जमवलेलं स्थळ वाईट निघालं असं? संस्थेचं वार्षिक यश जर किती प्रकल्पांवर सह्या झाल्या आणि किती गुंतवणूक आली यावर मोजलं जात असेल तर तिथला हुशार आणि प्रामाणिक अधिकारीसुद्धा हळूहळू त्याच आकड्यासाठी काम करायला लागतो. वाईट प्रकल्प थांबवला याचा फोटो कुठे छापून येत नाही ना. फीत कापल्याचा येतो.

ब्रिटनने तर यात कमालच केली होती. तिथे पीएफआय नावाने हा प्रकार 1992 मध्ये सुरू झाला आणि 2000 साली त्याला गती द्यायला पार्टनरशिप्स यूके नावाची कंपनी काढली, जी सरकारी खात्यांना पीपीपीचे सल्ले देणार होती, आणि तिची स्वतःची 51 टक्के मालकी खाजगी गुंतवणूकदारांकडे होती. म्हणजे पीपीपी करू का नको हे विचारायचं ते पीपीपीलाच! उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते दुसरं काय असतं. ते सगळे लोक चोर होते असं मी म्हणत नाहीये, पण रचनाच अशी असली की उत्तर आधीच ठरल्यासारखं असतं.

आणि हा मोह फक्त संस्थेला नसतो, सगळ्यात जास्त तो अर्थमंत्र्यांना असतो. कर्ज काढून दवाखाना बांधला तर ते कर्ज सरकारच्या खात्यावर दिसतं, विरोधक ओरडतात, रेटिंगवाले डोळे वटारतात. तोच दवाखाना पीपीपीत बांधला तर आज खर्च शून्य, आणि पुढची तीस वर्षं दरवर्षी थोडे थोडे पैसे द्यायचे जे बरेच दिवस कुठल्या कर्जाच्या आकड्यात धरलेच जात नव्हते. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जानेवारी 2018 मध्ये हिशोब मांडला तेव्हा 700 च्या वर प्रकल्प चालू होते, त्यांची भांडवली किंमत 60 अब्ज पौंडांच्या आसपास, आणि 2040 च्या दशकापर्यंत अजून द्यायचे बाकी होते 199 अब्ज पौंड. यात इमारती सांभाळायचा, साफसफाईचा वगैरे खर्च पण येतो त्यामुळे 60 ची वस्तू 199 ला घेतली असं सरळ म्हणता येणार नाही, काही लोक तसं म्हणतात ते चुकीचं आहे, पण एवढी देणी एखाद्या सरकारने करून ठेवली आणि बहुतेक वेळा ती "कर्ज नाही" या नावाखाली गेली हे विसरू नका. त्याच महिन्यात कॅरिलियन ही मोठी काँट्रॅक्टर कंपनी बुडाली, लिव्हरपूलचं रॉयल हॉस्पिटल आणि बर्मिंगहॅमजवळचं मिडलँड मेट्रोपॉलिटन अर्धवट बांधलेली तशीच उभी राहिली. पहिलं उघडलं 2022 मध्ये आणि दुसरं 2024 मध्ये. जोखीम कंपनीकडे गेली म्हणून आपण जास्त पैसे मोजतो असं लोकांना सांगितलेलं, आणि कंपनीच गेल्यावर अर्धवट इमारती पूर्ण करायचं काम सरकारच्या गळ्यात. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारने नवीन पीएफआय बंद करून टाकले.

म्हणून दार अडवून उभं राहणारं कोणीतरी पाहिजे, आणि ते प्रकल्प आणणाऱ्या खात्यात नको. दक्षिण आफ्रिकेची पद्धत मला यात बरी वाटते. तिथे बरीच वर्षं खात्याला ट्रेझरीकडे एकदा जाऊन भागत नव्हतं. आधी फिजिबिलिटी स्टडी दाखवून मंजुरी, मग टेंडरची कागदपत्रं काढायच्या आधी, मग बोली आल्यावर कंपनी निवडायच्या आधी, आणि शेवटी सही करायच्या आधी. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न तेच, परवडतंय का, पैशाचा मोबदला मिळतोय का आणि जोखीम खरंच कंपनीकडे जातेय का नुसती कागदावर जातेय. किचकट आहे, मान्य. पण चौथ्या टप्प्यावरही नाही म्हणता येतं हे महत्त्वाचं, कारण पहिल्या टप्प्यातले आकडे आणि वाटाघाटी होऊन तयार झालेलं काँट्रॅक्ट यांचा एकमेकांशी संबंध राहिलेला असतोच असं नाही.

कोरियाचं उदाहरण उलट्या बाजूने शिकवतं. त्यांनी सुरुवातीला कंपन्यांना ओढून आणायला किमान उत्पन्नाची गॅरंटी दिली, म्हणजे गाड्या कमी आल्या तर फरक सरकार भरणार. 2000 मध्ये इंचॉन विमानतळाचा एक्स्प्रेसवे उघडला आणि अंदाज केला होता तेवढ्या गाड्या काही आल्या नाहीत, मग वर्षानुवर्षं भरपाई चालू. आणि विचार करा, गॅरंटी आहे म्हटल्यावर ट्रॅफिकचा अंदाज फुगवण्यात कोणाचा तोटा आहे? कंपनीचा नाही, कन्सल्टंटचा नाही, मंत्र्याचा तर नाहीच नाही, त्याला रस्ता दाखवायचाय. जो भरणार तो त्या खोलीत बसलेलाच नसतो. शेवटी त्यांनी 2006 मध्ये कंपन्यांनी स्वतःहून सुचवलेल्या प्रकल्पांसाठी ही गॅरंटी काढली आणि 2009 मध्ये सगळ्यांसाठीच. पण कोरियाने आणखी एक गोष्ट केली. प्रकल्प तपासायचं काम 2005 पासून केडीआय या आर्थिक संशोधन संस्थेतल्या पिमॅककडे ठेवलं, म्हणजे रस्ते खात्यात नाही आणि गुंतवणूक आणणाऱ्या ऑफिसातही नाही. आकडेमोड करणारी माणसं, ज्यांना फीत कापायला कोणी बोलावत नाही. अशीच पाहिजेत.

इथपर्यंत बरेच लोक माझ्याशी सहमत होतील. सहीच्या आधी कडक तपासणी हवी याला नाही कोण म्हणणार. माझा खरा मुद्दा सहीच्या नंतरचा आहे आणि तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

वर्ल्ड बँकेच्या लुईस ग्वाश यांनी लॅटिन अमेरिकेतली 1985 ते 2000 मधली हजाराच्या वर कन्सेशन काँट्रॅक्ट, म्हणजे कंपनीला ठरावीक वर्षं चालवायला दिलेले करार, तपासली होती. 2004 मध्ये त्यांनी जे मांडलं ते असं, की एकूण 30 टक्के काँट्रॅक्टमध्ये नंतर पुन्हा वाटाघाटी झाल्या, वाहतुकीच्या क्षेत्रात 55 टक्के आणि पाणीपुरवठ्यात 74 टक्के. आणि सरासरी कधी? काँट्रॅक्ट मिळाल्यावर साधारण 2.2 वर्षांत. तीस वर्षांचा करार आणि दोन वर्षांत पुन्हा टेबलावर! याचा अर्थ टेंडर जिंकताना लावलेली बोली ही बऱ्याच वेळा फक्त आत शिरायचं तिकीट असते, एकदा आत गेलं की स्पर्धा संपली, समोर दुसरी कंपनी नाही, रस्ता अर्धा खणलेला आहे, लोक वैतागलेत, निवडणूक जवळ आहे, आता सांगा दर वाढवू का काम थांबवू.

त्या टेबलावर दोन बाजूंना कोण बसलेलं असतं ते बघा. कंपनीकडून ज्यांनी हे काँट्रॅक्ट लिहिलं तीच माणसं, त्यांचे वकील, त्यांचे हिशोबनीस, ज्यांचं पूर्णवेळ कामच हे आहे आणि असले दहा करार त्यांनी दहा ठिकाणी हाताळलेत. सरकारकडून एक अधिकारी जो आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन आलाय, ज्याच्याकडे अजून तीन खात्यांचा चार्ज आहे, आणि ज्याने ते हजार पानांचं बाड पहिल्यांदा उघडलं ते नोटीस आली तेव्हा. तो बिचारा प्रामाणिक असला तरी काय करणार. आणि नसला तर विचारायलाच नको.

म्हणून ही संस्था हवी. त्या टेबलावर सरकारच्या बाजूने बसणारी, आधीचे पन्नास वाद माहीत असलेली, कुठलं कलम कसं वापरलं जातं हे पाठ असलेली माणसं कुठेतरी एका जागी साठली पाहिजेत आणि ती तिथेच टिकली पाहिजेत. एका खात्याला आयुष्यात दोन-तीन पीपीपी करायचे असतात, त्याच्याकडे हे ज्ञान कधीच जमा होणार नाही. चिलीने 2010 मध्ये कायदा बदलून कन्सेशनसाठी एक तांत्रिक पॅनेल नेमलं जे वाद आधी ऐकतं, आणि काँट्रॅक्टमध्ये मधेच बदल करायला मर्यादा घातल्या, कारण तोपर्यंत प्रकल्प चालू असताना वाढीव कामं गुपचूप घुसवायची सवयच लागली होती. पोर्तुगालने आर्थिक संकटात सापडल्यावर 2012 मध्ये अर्थखात्यात पीपीपीसाठी वेगळं तांत्रिक युनिट काढलं. वरातीमागून घोडं, पण निदान आलं तरी.

आता काँट्रॅक्टमधलं एक कलम काय करू शकतं याचं भारतातलंच उदाहरण घ्या, दिल्ली-नोएडा टोल ब्रिज. 1997 चा करार, 2001 मध्ये पूल चालू. करारात लिहिलेलं होतं की कंपनीला प्रकल्पाच्या एकूण खर्चावर 20 टक्के परतावा मिळालाच पाहिजे, आणि एखाद्या वर्षी तेवढा मिळाला नाही तर राहिलेली रक्कम पुन्हा खर्चात धरायची आणि पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या खर्चावर 20 टक्के. शाळेतल्या पोरालाही चक्रवाढ व्याज कळतं, वीस टक्क्याने काहीच फेडलं नाही तर रक्कम चार वर्षांत दुप्पट होते, म्हणजे पुलावरून कितीही गाड्या गेल्या तरी हिशोब संपण्याऐवजी वाढतच जाणार. जवळजवळ सोळा वर्षं हे चाललं. अलाहाबाद हायकोर्टाने ऑक्टोबर 2016 मध्ये टोल थांबवला आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पण मला सांगा, हे कोर्टाने का बघायचं? कोणा नागरिकांच्या संघटनेने जाऊन दाद मागायची, वकील लावायचे, वर्षानुवर्षं खेटे घालायचे आणि मग कळायचं की ते सूत्रच असं होतं की टोल कधी संपणारच नाही? दरवर्षी ताळेबंद येत होता की. तो वाचणारं, आणि वाचून "अहो हे कधीच संपणार नाही" असं मोठ्याने बोलणारं एक ऑफिस असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच विषय निघाला असता.

याच भारतात पीपीपी प्रकल्पांना मंजुरी द्यायला केंद्राची समिती, पीपीपीएसी, 2006 पासून आहे, पण ती मंजुरीची समिती, पुढचं बघायचं काम तिचं नाही. 2014 च्या बजेटमध्ये 3पी इंडिया नावाच्या संस्थेसाठी 500 कोटी जाहीर झाले, 2015 मध्ये विजय केळकर यांच्या समितीनेही सांगितलं की अशी संस्था लवकर काढा आणि वाद सोडवायला, चालू करारांचा पुन्हा विचार करायला वेगळ्या यंत्रणा उभ्या करा. अहवालाचं स्वागत झालं. स्वागत नेहमीच होतं.

कलमांचा विषय निघालाय तर अजून दोन सांगतो, कारण लोकांना वाटतं काँट्रॅक्टमध्ये फक्त पैशाची भानगड असते. कॅलिफोर्नियात स्टेट रूट 91 या हायवेच्या मधोमध 1995 मध्ये खाजगी टोल लेन सुरू झाल्या. करारात एक पाचर मारलेली होती, की आजूबाजूच्या ठरावीक पट्ट्यात सरकारने फुकटचा रस्ता वाढवायचा नाही, कारण मग टोल कोण भरणार. गर्दी वाढली, लोक अडकून पडायला लागले आणि सरकारला स्वतःचाच रस्ता रुंद करता येईना! शेवटी 2003 मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक संस्थेने 20 कोटी 75 लाख डॉलर मोजून त्या लेन विकत घेतल्या. दुसरं शिकागोचं. 2008 मध्ये शहराने 36,000 पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला देऊन टाकले, त्याबदल्यात एकरकमी सुमारे 115 कोटी डॉलर. महापौरांनी जाहीर केल्यापासून दोन दिवसांत सिटी कौन्सिलने ते पास पण केलं. पंचाहत्तर वर्षं आणि दोन दिवस. पुढच्या वर्षी शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने हिशोब काढला की निदान 97 कोटी डॉलर कमी घेतले. आणि आता शहराला मिरवणुकीसाठी, दुरुस्तीसाठी रस्त्याकडेची जागा बंद करायची झाली तर कंपनीला भरपाईचा हिशोब लागतो. स्वतःच्या गल्लीत भाडेकरू झाल्यासारखं.

तिथे नसलेली गोष्ट एकच होती, तटस्थपणे "थांबा, आधी आम्हाला हे महिनाभर वाचू द्या" म्हणणारं कोणीतरी, ज्याला डावलून सही करता येणार नाही. मोठा शोध लावायची गरज नाहीये.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, अजून एक ऑफिस म्हणजे अजून एक शिक्का, अजून एक टेबल, फाइल अजून सहा महिने लांब, आधीच प्रकल्प रखडतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खरंच काही देशांत अशा संस्था नुसत्या पोस्ट ऑफिस झाल्यात, फाइल येते, शेरा मारतात, पुढे जाते, कोणी नाही म्हणत नाही आणि उशीर मात्र होतो. दोन्हीकडून नुकसान. पण मला वाटतं उशीर कुठे होतो ते नीट बघितलं पाहिजे. सहीच्या आधी वाचायला गेलेले चार महिने सगळ्यांना दिसतात. सहीच्या नंतर कोर्टात आणि लवादात गेलेली दहा वर्षं कोणी त्या घाईच्या खात्यावर लिहीत नाही. लहान प्रकल्पांना मात्र हे सगळं नको हे मान्य, गावातल्या बसस्टॉपला चार टप्प्यांची मंजुरी लावली तर तो बसस्टॉप नातवंडांनाच दिसेल. रकमेची मर्यादा घाला आणि त्याखाली सोपी पद्धत ठेवा.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूचा आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात प्रत्येक वेळी आम्हीच चोर का? जमीन वेळेवर सरकार देत नाही, परवानग्या सरकार अडवतं, ठरलेली दरवाढ निवडणूक आली की सरकार गोठवतं, आणि सरकार बदललं की नवीन माणसं सगळंच काँट्रॅक्ट रद्द करायच्या गप्पा करतात. खोटं नाहीये हे. नायजेरियाच्या कायद्यात तर लिहावंच लागलं की झालेला करार मनमानी करून थांबवता किंवा रद्द करता येणार नाही. म्हणून देखरेख करणारी संस्था ही सरकारची वकील आहे असं समजू नका. खात्याने जमीन द्यायला दोन वर्षं लावली तर ते लेखी सांगायचं, खात्याच्या नावासकट, कामही तिचंच. वाटाघाटीत ती सरकारच्या बाजूला बसेल, पण नोंदवहीत दोन्हीकडच्या चुका सारख्याच शाईने लिहील. कठीण आहे? आहेच. ऑडिटवाले करतात की.

तिसरा आक्षेप मला जरा लबाड वाटतो. व्यापारी गुप्तता. काँट्रॅक्ट लोकांपुढे ठेवता येत नाही कारण त्यात कंपनीची गुपितं आहेत. अरे पण गुपित कसलं? एखाद्या तंत्रज्ञानाची माहिती असेल, तेवढी काळी पट्टी मारून झाका. पण टोल किती वर्षं घेणार, सरकारने कसली गॅरंटी दिली, करार मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचे, बाजूला रस्ता बांधता येईल का, ही गुपितं लोकांपासून का? भरणारे तेच आहेत. नायजेरियाच्या आयोगाकडे प्रत्येक कन्सेशन कराराची प्रत ठेवायची कायदेशीर जबाबदारी आहे, ही कल्पना चांगली आहे, पण कपाटात ठेवलेली प्रत आणि कोणालाही वाचता येणारी प्रत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते या संस्थेचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक काम हेच असेल, प्रत्येक करार, त्यातला प्रत्येक बदल आणि दरवर्षी सरकारवर त्यातून येऊ शकणारा बोजा, हे सगळं एका जागी उघडं ठेवणं. मग टोलनाक्यावर वैतागलेल्या माणसाला माहितीचे अर्ज करत बसावं लागणार नाही. आणि बदल उघडा छापायचाय म्हटल्यावर पुन्हा वाटाघाटी करताना दोन्हीकडची माणसं जरा दमाने घेतात, अळीमिळी गुपचिळी चालत नाही.

या संस्थेला दात किती द्यायचे यावर मात्र माझं मत पूर्ण पक्कं नाही. नुसता सल्ला देणारी असली तर तिला कोणी विचारत नाही, आणि सगळे अधिकार दिले तर तीच एक नवीन सत्ता होऊन बसते, जिच्या दारात कंपन्यांचे लोक चहा प्यायला जायला लागतात. मला वाटतं नकाराधिकार अर्थखात्याकडे राहू दे, पण संस्थेचं मत सही व्हायच्या आधी जाहीर झालंच पाहिजे. मंत्र्याला ते डावलायचं असेल तर डावलू दे, पण लेखी कारण देऊन आणि स्वतःच्या सहीने. प्रमुखाची मुदत ठरलेली, निवडणुकीच्या तारखेशी न जुळणारी, आणि तिथून उठून लगेच त्याच कंपन्यांत नोकरीला जायला काही वर्षं बंदी. पगारावरून लोक ओरडतील, की एवढे कशाला. समोरच्या वकिलाला किती मिळतात ते आधी विचारून या.

आणि शेवटचा टप्पा तर कोणाच्या ध्यानातच नसतो, परत घेण्याचा. तीस वर्षं संपली, आता रस्ता किंवा इमारत सरकारकडे परत यायची. कशी परत येणार? शेवटच्या चार-पाच वर्षांत कंपनी दुरुस्तीवर कशाला खर्च करेल, भाड्याचं घर सोडताना कोणी रंग देऊन जातं का. ब्रिटनमध्ये हे आता सुरू झालंय, नव्वदच्या दशकातले करार संपत आलेत, आणि 2020 मध्येच नॅशनल ऑडिट ऑफिसने इशारा दिला की बऱ्याच सरकारी कार्यालयांना आपल्याच इमारतींची आज काय अवस्था आहे हे नीट माहीत नाही, आणि तयारी निदान सात वर्षं आधी सुरू करायला हवी. सात वर्षं! म्हणजे ज्या अधिकाऱ्याने ही तयारी सुरू करायची तो करारावर सही झाली तेव्हा कदाचित शाळेत असेल. त्याच्या हातात असणार एक जुनं बाड, चार-पाच पुरवण्या ज्यातली एक सापडत नाहीये, आणि कंपनीच्या मॅनेजरचा फोन नंबर, बाकी सगळं त्या मॅनेजरलाच विचारायचं, छप्पर गळतंय का, पाइप कधी बदलले, आणि भिंतींच्या आतल्या पट्ट्या कोणी कधी बघितल्या होत्या का.